चामोर्शीची जमा मूलच्या खात्यात

मूलच्या आमच्या कृषी केंद्रात 2004 सालापासून बिलिंगचा एकच प्रोग्राम चालतो. नागपूरच्या एका प्रोग्रामरने तो व्हिज्युअल बेसिक सिक्समध्ये लिहिला, माहिती साठवायला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची एक फाइल ठेवली, सीडीवर सेटअप करून दिला आणि पुढे तो परदेशी गेला. मूळ कोड आमच्याकडे नाही. तरी इतकी वर्षं धानाचं बियाणं, युरिया, फवारणीची औषधं, स्प्रे पंपाचे वायसर या सगळ्याची बिलं त्यातूनच निघाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांची उधारी त्याच फाइलमध्ये जमत गेली. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, वैनगंगेपलीकडे चामोर्शीला दुसरं दुकान काढलं तेव्हा त्याच सीडीवरून तोच प्रोग्राम तिथल्या कॉम्प्युटरवर टाकला. गुंता तिथून सुरू झाला.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा निघाला, मूल चंद्रपुरात राहिलं आणि चामोर्शी गडचिरोलीत गेलं, पण सोयरिकी काही वेगळ्या झाल्या नाहीत. माहेर मूलकडच्या भेजगावचं आणि सासर चामोर्शीकडच्या भेंडाळ्याचं अशी घरं इकडे पुष्कळ. पऱ्हे टाकायला बियाणं मूलहून न्यायचं, रोवणी झाली की युरिया चामोर्शीहून उचलायचा, आणि चुरणे होऊन धान विकला की ज्या बाजाराला जाणं होईल तिथे पैसे भरायचे, अशी इथली रीत. आमच्या दोन फाइली मात्र एकमेकींना ओळखत नव्हत्या. दिवाळीनंतर एकदा मी चामोर्शीच्या दुकानात बसले होते. एक म्हातारे शेतकरी पैसे घेऊन आले. त्यांचं खातं मूलचं. दादा बाकी बघायला मूलला फोन लावत राहिला आणि ते म्हणाले, “पैसे हातात आहेत जी, घेऊन घ्या ना. मूलले जाऊन येतो म्हटलं त दिवस बुडते माझा.” दादाने पैसे घेतले आणि चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मूलच्या फाइलमध्ये चढायला जो वेळ गेला, तेवढ्या काळात त्याच माणसाला आमच्याकडून तगाद्याचा फोन जाऊ शकत होता. उधारी फेडलेल्या माणसाला पुन्हा पैसे मागणं यापेक्षा वाईट गोष्ट दुकानदाराच्या हातून होऊ शकत नाही, असं मला वाटतं. दोन्ही दुकानांची खाती एका जागी दिसलीच पाहिजेत, हे मी तेव्हा मनाशी धरलं. मी बी.कॉम. झालेली. टॅली येत होतं, डेटाबेस हा शब्द फक्त ऐकलेला होता.

माझा मामेभाऊ हैदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने फोनवर सांगितलं, “ताई, डेटाबेस क्लाउडवर टाक. दोन्ही दुकानं तिथूनच वाचतील, तिथेच लिहितील.” हे ऐकताना काम इतकं सोपं वाटलं की मी त्याच आठवड्यात मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये मायएसक्यूएल असलेली छोटी जागा भाड्याने घेतली. लॉगिन आलं, पासवर्ड आला. आता आपली फाइल तिकडे ठेवायची आणि प्रोग्रामला नवा पत्ता द्यायचा, एवढंच राहिलं असं मी धरून चालले होते.

पण ॲक्सेसची फाइल ही नुसती फाइलच असते. तिच्यापाशी कोणी बसलेलं नसतं. आमचा प्रोग्राम स्वतः ती उघडतो, हवं ते पान शोधतो, त्यावर लिहितो आणि बंद करतो. दोन जणांनी एकदम लिहू नये म्हणून शेजारी एक छोटी कुलपाची फाइल तयार होते, तीही प्रोग्रामच बघतो. मायएसक्यूएलमध्ये असं नाही. तिथे माहितीपाशी एक राखणदार प्रोग्राम सतत जागा असतो. बाहेरच्याने फाइलला हात लावायचा नाही, त्याला विचारायचं आणि तो देईल ते घ्यायचं. हा फरक कळायला मला वेळ लागला, पण तो कळल्यावर आणखी एक गोष्ट उलगडली. फाइल इंटरनेटवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही दुकानांतून उघडावी, असा सल्ला मला एकापेक्षा जास्त जणांनी दिला होता. लिहिता लिहिता लाइन तुटली की फाइलचं पान अर्धं लिहिलेलं राहतं आणि सगळी फाइल उघडेनाशी होऊ शकते. एकाच खोलीतल्या केबलवर हा धोका कमी असतो. मूल ते चामोर्शी एवढ्या अंतरावर वीज आणि रेंज यांच्या भरवशावर तो घेणं म्हणजे वीस वर्षांची उधारी पणाला लावणं होतं.

जुन्या प्रोग्रामला नव्या राखणदाराशी बोलायला दुभाष्या लागतो. त्याचं नाव ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टने तो 1992 मध्ये आणला, आणि इतक्या जुन्या वस्तूवर आजही जगभरातली दुकानं, दवाखाने, कारखाने चालतात हे मला नवलाचं वाटतं. मी मायएसक्यूएलचा दुभाष्या उतरवून घेतला, विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसवला, तपासणीत “जोडणी यशस्वी” आलं. ॲक्सेसच्या बाजूने पाहिलं तर तिथे त्याचा पत्ताच नाही. त्या रात्री मी फार वेळ त्या दोन खिडक्यांकडे आलटून पालटून बघत बसले. उत्तर असं निघालं: विंडोजमध्ये ओडीबीसीची दोन वेगवेगळी कपाटं असतात, एक 64-बिट प्रोग्रामांचं आणि एक 32-बिटचं. व्हिज्युअल बेसिक सिक्सचा प्रोग्राम 32-बिटचा, आणि मी मांडून ठेवलं होतं 64-बिटच्या कपाटात. त्यात नावं अशी की सिस्टिम32 या फोल्डरमध्ये 64-बिटचं कपाट आणि सिसवाऊ64 या फोल्डरमध्ये 32-बिटचं. हे उलटं का, तर जगभरच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये सिस्टिम32 हा पत्ता लिहून ठेवलेला होता आणि तो बदलला असता तर तेच प्रोग्राम 64-बिटसाठी नव्याने तयार करताना अडले असते. म्हणून नाव जुनं ठेवून आतला माल नवा भरला. कारण कळलं तेव्हा राग गेला. जुन्यावर जगणाऱ्यांची आठवण कोणीतरी ठेवली होती म्हणून तर आमचा प्रोग्राम आजच्या विंडोजवर अजून चालतो.

पुढे दाराचा प्रश्न. मायएसक्यूएल 3306 या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतं, पण काळजीपूर्वक बसवलेलं असेल तर ते फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेली हाक ऐकतं. बाहेरून येणाऱ्याला दार बंद. मायएसक्यूएलमध्ये वापरणाऱ्याची ओळख नुसत्या नावाने होत नाही, तो कुठून आला हेही ओळखीचाच भाग असतं. तेव्हा आमच्या दोन्ही दुकानांचे इंटरनेटवरचे पत्ते तिथे लिहून द्यावेत असं ठरलं. मूलचा पत्ता लिहिला आणि सकाळी राउटर बंद करून चालू केला तर पत्ता बदललेला. चामोर्शीला मोबाइलच्या डेटावर दुकान चालायचं, तिथे तर स्वतःचा असा पत्ताच नव्हता. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात एकूण सुमारे 430 कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. म्हणून कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. तो पत्ता लिहून दिला तर त्यामागच्या साऱ्या अनोळखी लोकांनाही दाराशी येण्याची मुभा मिळते. मग सगळ्यांसाठीच दार उघडावं का? मामेभाऊ एकदम गंभीर झाला. 2017 च्या सुरुवातीला जगभर असे उघड्यावर ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी पुसून टाकले आणि खंडणी मागितली, हे त्याने सांगितलं. मी 3306 ला हात लावला नाही. सर्व्हरच्या पोटातून बाहेर येणारी एक बंदिस्त वाट, एसएसएचचा बोगदा, आमच्या चाचणीपुरती केली. किल्ली फक्त दोन कॉम्प्युटरवर.

बोगद्यातून जोडणी झाली. ॲक्सेसच्या फाइलमधले खरे तक्ते काढून त्या जागी त्याच नावाने मुंबईचे तक्ते जोडले. त्याला लिंक्ड टेबल म्हणतात. प्रोग्रामला वाटावं की फाइल आपल्याजवळच आहे. ही अर्थातच फाइलची नक्कल होती, खरी फाइल बाबांनी मला पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवायला लावली होती. खातेउताऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर काही नाही. चहा झाला, गिऱ्हाईक होऊन गेलं, तेव्हा कुठे उतारा आला. आकडे बरोबर होते आणि मला खूप आनंद झाला होता, पण हे चालणार नाही हेही दिसत होतं.

कारण समजून घ्यायला मी वहीवर गणित मांडलं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मूलपासून मुंबई सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे जाऊन येऊन सात-आठ मिलिसेकंद. पण तार सरळ रेषेत जात नाही, वाटेत किती तरी थांबे असतात. प्रत्यक्षात पन्नासेक मिलिसेकंद लागत होते. डोळ्याच्या पापणीलाही याहून जास्त वेळ लागतो. मग अडलं कुठे? तर आमचा प्रोग्राम एकेक नोंद वेगळी मागतो. नोंद द्या, मिळाली, पुढची द्या, मिळाली. फाइल शेजारच्या डिस्कवर होती तेव्हा अशा विचारण्याला काहीच मोल पडत नव्हतं. 20,000 नोंदी आणि दर फेरीला 50 मिलिसेकंद धरले की 1,000 सेकंद झाले, साडेसोळा मिनिटांहून जास्त. हैदराबाद आम्हाला मुंबईच्या निम्म्याहून जवळ आहे, तिथली जागा घेतली असती तरी एकेक नोंद मागण्याची सवय तीच राहिली असती.

बिलाची खिडकी तर उघडलीच नाही. रन-टाइम एरर 3251, या वस्तूवर हे काम करता येत नाही. मामेभावाने सांगितलं की जुने प्रोग्राम वस्तू शोधायला ‘सीक’ नावाची एक झटपट युक्ती वापरतात, ती फक्त फाइलमध्ये खरोखर असलेल्या तक्त्यावर चालते, दुरून जोडलेल्यावर नाही. कोड असता तर बदलता आलं असतं. कोड नव्हता. इथे माझ्या पहिल्या मनसुब्याचं घर बसलं.

बाबा हे सगळं काउंटरवरून बघत होते. त्यांनी एकच अट घातली: बिल थांबता कामा नये. ही अट कुठून आली हे मला ठाऊक होतं, कारण दुरून चालणारा एक डेटाबेस आमच्या दुकानात आधीपासूनच होता. अनुदानाचं खत विकायला पॉस मशीन लागतं. 2018 च्या मार्चपर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. शेतकऱ्याने आधार क्रमांक द्यायचा, अंगठा लावायचा, ओळख दूरच्या सर्व्हरवर पटली की 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना त्याच्या नावावर निघतं. अनुदान कोणाच्या नावावर गेलं हे समजायला ते हवंच. पण जुलैत पाऊस लागलेला असतो, रोवणी आटोपून बांध्यांमध्ये खत द्यायची घाई असते, आणि नेमकी रेंज जाते. मशीन हातात धरून आम्ही दारात, ओट्यावर, कधी रस्त्यापलीकडे उभे राहतो. शेतकरी भिजत उभा असतो. खताचा नियम आहे, तिथे थांबणं आलं. आपल्या स्वतःच्या बिलासाठीही तसंच थांबायचं, हे बाबांना मान्य नव्हतं आणि मलाही पटण्यासारखं नव्हतं. दादाच्या मनात पुढे आलापल्लीला दुकान काढायचं आहे. त्याहून आत भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे लाइनचं काय सांगावं.

तिढा सोडवला तो मुनीमजींनी. ते आमच्याकडे आजोबांच्या काळापासून. कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत, पण मी काय करते ते रोज विचारायचे. मी त्यांना सांगत होते की दोन्हीकडची बाकी एका ठिकाणी ठेवायची आहे, दोघांनी ती बदलायची आहे, आणि दोघांनी एकाच वेळी बदलली तर कोणाची खरी हे ठरत नाही. ते म्हणाले, “बेटा, बाकी कायले पाठवतेस? बाकी त खतावणीत निघते. रोजकीर्द पाठव.”

त्यांनी मग जुनी पद्धत सांगितली. पूर्वी एखाद्या पेढीची आडगावी शाखा असे, तिथला दिवाणजी रोज संध्याकाळी रोजकीर्दीची नक्कल करून मोटारीने मोठ्या पेढीवर पाठवायचा. अमुक तारखेला अमक्याला इतक्याचा माल दिला, तमक्याकडून इतके जमा. मोठ्या पेढीवर ती पानं आली की त्यावरून खतावणी व्हायची. पूर आला, मोटार आली नाही, तर पानं साचायची आणि आली की क्रमाने चढायची. शाखेचा धंदा थांबत नसे, कारण शाखेची कीर्द शाखेतच असे. आणि लिहिलेलं खोडायचं नाही हा नियम. चूक निघाली तर उलट नोंद करायची, म्हणजे काय झालं आणि कधी दुरुस्त झालं हे दोन्ही दिसतं.

मी हे मामेभावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की मोठ्या कंपन्यांतही आता असंच करतात, शिल्लक न पाठवता घडलेली नोंद पाठवतात. माझ्यासाठी त्या दिवशी सगळं बदललं. इतके दिवस मी परक्या मुलुखात चाचपडत होते आणि आता कळलं की त्या मुलुखातला एक मोठा रस्ता मला शिकवलेला आहे. जमाखर्चाच्या पहिल्याच धड्यात कीर्द आणि खतावणी असते.

मग रचना अशी केली. जुना प्रोग्राम आणि त्याची फाइल दोन्ही दुकानांत जिथल्या तिथे. त्यांना हातच लावला नाही. शेजारी पायथॉनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम (तोही 32-बिटचाच लागला, कारण दुभाष्या 32-बिटचा), तो थोड्या थोड्या वेळाने फाइल फक्त वाचतो, नवी बिलं आणि नवी जमा उचलतो आणि रांगेत ठेवतो. लाइन असेल तर रांग मुंबईला जाते, नसेल तर तिथेच थांबते. सर्व्हरवर थेट डेटाबेसशी न बोलता मध्ये एक पहारेकरी ठेवला, तो बँकेच्या संकेतस्थळासारख्या सुरक्षित वाटेने नोंदी घेतो आणि तपासून आत लिहितो. त्यामुळे दुकानाचा पत्ता बदलला तरी अडत नाही आणि 3306 बाहेरच्यांना बंदच राहिलं. हा सगळा कोड मामेभावाने रात्री फोनवर सांगत माझ्याकडून लिहून घेतला. स्वतः लिहून दिला असता तर लवकर झालं असतं, पण उद्या तो नसेल तर काय, हा अनुभव आम्ही एकदा घेतला होता.

रांगेतली नोंद गेली की नाही, हे कळणं मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. समजा नोंद मुंबईला पोचली, लिहिली गेली, आणि पोच परत येताना लाइन तुटली. दुकानाला वाटणार गेली नाही, म्हणून ते पुन्हा पाठवणार, आणि शेतकऱ्याच्या नावावर एकाच पोत्याचे पैसे दोनदा चढणार. याला उपाय म्हणून प्रत्येक नोंदीला अशी खूण दिली की ती साऱ्या जगात एकच असावी: दुकान, आर्थिक वर्ष, बिलाचा नंबर, बिलातली ओळ. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती लिहीत नाही, फक्त पोच देतो. आता दहादा पाठवलं तरी नोंद एकच. पोच हातात येईपर्यंत दुकान ती नोंद रांगेतून काढत नाही. याच कामात दोन्ही दुकानांची बिलं 1 पासून सुरू होतात ही अडचण समोर आली. जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, सलग आणि वर्षात एकदाच येणारा हवा, पण वेगवेगळ्या मालिका चालतात. सीए साहेबांना विचारून दोन दुकानांना दोन मालिका लावल्या.

जुना प्रोग्राम मात्र खोडतोड करू देतो. महिन्यापूर्वीचं बिल उघडून रक्कम बदलली तरी तो काही विचारत नाही. म्हणून आमचा छोटा प्रोग्राम रोज रात्री मागच्या बिलांच्या बेरजा पुन्हा ताडतो आणि कुठे फरक दिसला तर आधी उलट नोंद, मग नवी नोंद, दोन्ही वेगळ्या खुणेने पाठवतो. मुनीमजींना हा भाग सगळ्यात जास्त आवडला आहे.

आता नावांविषयी, कारण माझे सर्वाधिक दिवस तिथे गेले. पहिल्या खेपेला नोंदी मुंबईला गेल्या आणि मी पाहिलं तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम असला काला. आधी वाटलं वाटेत बिघडलं. प्रत्यक्षात आमच्या फाइलमध्ये देवनागरी कधी नव्हतीच. 2004 मध्ये मराठी टाइप करायला कृतिदेवसारखे फाँट वापरायचे. ते फाँट इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चित्र दाखवतात. साठवलं जातं ते इंग्रजी अक्षरच. फाँट काढला की नाव नाहीसं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आमच्या काउंटरपर्यंत ते यायला उशीर झाला.

हे बदलायचं तर नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. त्यामुळे ‘चिरोली’तली वेलांटी उचलून च-च्या पुढे ठेवावी लागते. रफाराचं याच्या उलट. ‘मार्कंडा’तला रफार कृतिदेवमध्ये क-च्या नंतर असतो आणि युनिकोडमध्ये त्याला क-च्या आधी न्यावं लागतं, त्यात पुढे अनुस्वार आहेच. जोडाक्षर आलं की वेलांटी किती अक्षरं ओलांडून न्यायची हे ठरवावं लागतं. मी मूल आणि चामोर्शी तालुक्यांतल्या गावांची यादी समोर ठेवून एकेक नाव ताडून पाहिलं. आणि सर्व्हरवरचे तक्ते आधी यूटीएफ-8 चे करून घेतले. त्यात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘चिरोली’ला अठरा. तक्ता जुन्या लॅटिन पद्धतीचा राहिला असता तर साऱ्या नावांची प्रश्नचिन्हं झाली असती, आणि त्या प्रश्नचिन्हांतून नाव परत काढता येत नाही. इंग्रजी काला तरी उलगडता येतो.

मालाच्या यादीत एचएमटी हे धानाचं वाण सात-आठ तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. कुठे टिंबं देऊन, कुठे मध्ये जागा सोडून, कुठे नुसतं ‘घड्याळ धान’. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं, नाव त्या काळच्या घड्याळावरून पडलेलं. 2018 मध्ये ते गेले. आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाचं वाण आमच्याच यादीत नीट एका नावाने नसावं, हे मला बरं वाटलं नाही. ती सगळी नावं मी एका नावाखाली आणली, आणि ते काम कोणावर सोपवलं नाही.

तारखांचंही एक सांगण्यासारखं आहे. ॲक्सेसला प्रश्न विचारताना तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी द्यावी लागते. 7 जूनची मृगाची खरेदी आपण 7/6 लिहिली तर ती 6 जुलै होते. 13 तारखेपासून पुढचं सगळं बरोबर येतं, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून घोटाळा लवकर दिसत नाही. आम्ही सगळीकडे वर्ष-महिना-दिवस हाच क्रम धरला.

हे करत असताना चामोर्शीकडच्या एका सोसायटीच्या सचिवांशी बोलणं व्हायचं. आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था इकडे आदिवासी विकास महामंडळासाठी आधारभूत किमतीने धान खरेदी करतात, आणि त्यांच्याकडेही वर्षानुवर्षांची रजिस्टरं आहेत. केंद्र सरकारने 29 जून 2022 ला प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, सुरुवातीला 63,000 संस्था आणि 2,516 कोटी रुपये, सगळ्या एकाच सॉफ्टवेअरवर आणि नाबार्डशी जोडलेल्या. आमच्या दोन दुकानांत मला जे प्रश्न पडले, तेच जुनी नावं, जुन्या तारखा, जुनी बाकी घेऊन देशभरातल्या सचिवांपुढे असणार. सचिवांना मी वेलांटीची गोष्ट सांगितली, त्यांनी मला खातेदाराच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही ठेवायला सांगितलं. त्यांचं ऐकलं म्हणून एकाच नावाचे कितीतरी खातेदार एकत्र होण्यापासून वाचले.

आता चामोर्शीला कोणी पैसे भरायला आलं की दादा एका वेगळ्या खिडकीत नाव टाकतो आणि दोन्ही दुकानांची मिळून बाकी बघतो. ही खिडकीसुद्धा मुंबईला विचारत बसत नाही. आलेल्या नोंदींची एक प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटमध्ये उतरलेली असते, तिच्यातून वाचते, त्यामुळे लाइन नसली तरी उघडते. वर ठळक लिहिलेलं येतं: मूलच्या नोंदी अमुक वाजेपर्यंतच्या. ती वेळ दाखवायची हा बाबांचा आग्रह. बाकी तासाभरापूर्वीची आहे की कालची, हे समोरच्या शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे, म्हणजे तोच म्हणतो की मी आज सकाळी मूलला दोन हजार भरले, ते यात नसतील.

एक गोष्ट या रचनेत बसत नाही. मालाचा साठा. दोन्ही दुकानांचं बियाणं मूलच्या एकाच गोदामातून जातं, आणि एखाद्या वाणाच्या शेवटच्या चार पिशव्या राहिल्या की दोघांच्याही खिडकीत चार दिसतात. उधारीची नोंद उशिरा आली तरी बेरीज शेवटी बरोबर येते, पण पिशवी दोघांना विकता येत नाही. यासाठी तिथल्या तिथे विचारून राखून ठेवणारी पद्धत लागते, म्हणजे पुन्हा लाइन चालू असणं आलं. मामेभाऊ म्हणतो की प्रत्येक दुकानाला वाटा ठरवून दे, मूलला दोन, चामोर्शीला दोन. दादा म्हणतो मृगाच्या गर्दीत वाटे टिकत नाहीत. सध्या साठा दहाच्या खाली गेला की खिडकीत ते नाव लाल होतं, आणि विकण्याआधी आम्ही एकमेकांना फोन करतो.